आधी येणारा घाव

१

हैदराबादेत मुशी नदीला पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी तलवाड्याचा धर्मराज आणि त्याचा धाकटा भाऊ आसाराम बालाघाटच्या डोंगरात चांदीच्या कामाला गेले. चांदी शोधणारा दुसरा होता. हे दोघे दगड फोडणारे. विहिरी पाडणं हा त्यांच्या घरातला तीन पिढ्यांचा धंदा. मुरूम कुठे संपतो, त्याखालचा मऊसर मांजऱ्या खडक कुठे लागतो, काळा पाषाण किती खोल जाईल, हे धर्मराजला नुसतं टाचेनं ठोकून कळायचं. म्हणूनच बीडच्या बाजारात कोणीतरी त्याचं नाव सांगितलं आणि कुदरत अली साहेबांचा निरोप आला.

कुदरत अली तिशीतले, शिडशिडीत. विलायतेत जाऊन खडकांचं शिक्षण घेऊन आलेले. हैदराबादच्या एका जहागीरदाराने त्यांना पाहणीवर पाठवलं होतं. बीडच्या दक्षिणेला गारमाळ नावाचा डोंगर आहे. त्याची एक सोंड ओढ्यापर्यंत उतरते, आणि त्या सोंडेत काळ्या पाषाणाच्या पोटातून गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, पांढरी शीर आडवी जाते. शिरेत मधूनमधून काजळासारखी चकाकणारी रेघ. ती रेघ कुटून, मुशीत वितळवून, हाडांच्या राखेच्या वाटीत तापवली की शेवटी राळ्याच्या दाण्याएवढा पांढरा थेंब उरायचा. तो थेंब चांदीचा.

तीस वर्षांपूर्वी एका गोऱ्या साहेबाने सोंडेच्या पलीकडच्या अंगाने हीच शीर धरून बोगदा खोदला होता. साठ हात आत जाऊन त्याने काम सोडलं आणि तोंड दगडांनी बुजवलं. त्याच्या वहीची नक्कल कुदरत अलींकडे होती. 'साठ हात. शीर रुंदावते आहे,' एवढं लिहून वही संपलेली. काम कशापायी थांबवलं, त्याचा एक शब्दही नाही. सोंड एकूण एकशे दहा हात जाडीची. ओढ्याकडून खोदत जायचं, शीर तुटते की सलग आहे ते बघायचं, आणि जुन्या बोगद्याला जाऊन मिळायचं, असा साहेबांचा बेत होता. सुरुंगाने शीर भुगा होते, नमुना बिघडतो. म्हणून सगळं काम हाताने.

दिवस ठरलेले असत. सकाळी आसाराम करडीच्या तेलाचा दिवा घेऊन आत जाई आणि छिन्नी लावी. त्याची एक ढब होती. दोन घाव जोडून, मग छिन्नी फिरवून दम घ्यायचा, मग तिसरा. धर्मराज पाट्या भरून बाहेर काढी आणि संध्याकाळी गाठींच्या दोरीने किती हात झाले ते मोजी. बोगद्याच्या तोंडाशी कडुलिंबाखाली आसारामची बायको सारजाबाई दगड निवडायला बसे. काजळाची रेघ असलेला एकीकडे, नुसती गार दुसरीकडे. दुपारी चौघं एकत्र भाकरी खात. साहेब जरा बाजूला, पण तेही त्याच सावलीत.

२

एकविसाव्या हातापर्यंत काही झालं नाही.

बोगद्यात पडसाद असतोच. घाव घातला की समोरचा खडक तो गिळतो आणि थोड्या वेळाने पाठीमागून परत देतो. धर्मराजचं आयुष्य अशा पडसादांत गेलेलं. बाविसाव्या हाताला हा पडसाद त्याला जरा वेगळा लागला. मागून येण्याऐवजी पुढून येत होता. पुढे पोकळी असेल, असं म्हणून त्याने पाटी उचलली.

तिसऱ्या दिवशी तो पाटी घ्यायला वाकला होता आणि सहज त्याची नजर आसारामच्या हातावर होती. हातोडा खांद्याशी होता. अजून खाली यायचा होता. आणि ठण् असा आवाज झाला.

मग हातोडा खाली आला. पुन्हा ठण्.

धर्मराज तसाच वाकून राहिला. दोन घाव. दम. तिसरा. प्रत्येक घावाच्या आधी डोळ्याचं पातं लवावं एवढ्या अंतराने तोच घाव आतून येत होता. पडसाद आधी येत होता, घाव मागून.

"आसाराम, थांब जरा."

आसाराम थांबला. आतला आवाजही थांबला. पण तो आसारामच्या आधी थांबला होता, असं धर्मराजला वाटलं, आणि असं वाटल्याचा त्याला रागही आला.

"काय झालं दादा?"

"काय न्हाई. दिव्यात तेल घाल."

३

त्याने साहेबांना सांगितलं. कुदरत अली हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

"धर्मराज, गारेतून आवाज हवेपेक्षा किती तरी लवकर धावतो," ते आपल्या उर्दू वळणाच्या मराठीत म्हणाले. "पुढे पोकळी असेल. पोकळी म्हणजे शीर तिथे रुंद. ये तो अच्छी बात है."

"पर साहेब, किती बी लवकर धावला तरी घाव पडल्यावरच धावंल की."

साहेबांनी डोळे मिचकावून त्याच्याकडे पाहिलं. "अंधारात डोळा उशिरा बघतो. कान आधी ऐकतो. तुझा काही कसूर नाही."

हे धर्मराजला पटलं. निदान पटवून घ्यावंसं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी त्याने भाकरी थापायची काटवट आत नेली, पालथी करून खडकाला टेकवली आणि तिच्यावर चिमूटभर ज्वारी ठेवली. डोळा चुकेल, कान चुकेल; ज्वारीचे दाणे काही चुकायचे नाहीत. दिवा जवळ धरून तो उकिडवा बसला.

"आता हाण."

आसारामने हातोडा उचलला. हातोडा वर असतानाच दाणे उडाले. टपटप खाली पडले. मग हातोडा छिन्नीवर आला आणि दाणे पुन्हा उडाले.

धर्मराजने दाणे एकेक करून गोळा केले, धोतराच्या सोग्यात बांधले आणि काटवट बाहेर नेऊन सारजाबाईपुढे ठेवली. ती म्हणाली, "भावजी, काटवट कावून नेलती आत?" तो पाटी उचलून परत आत गेला.

काम मात्र पळत होतं. पूर्वी दिवसाला अर्धा हात व्हायचा, आता पाऊण, कधी एक. आसाराम दमतच नव्हता. साहेब खूश होते. राळ्याएवढा चांदीचा थेंब आता ज्वारीच्या दाण्याएवढा झाला होता.

४

डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत आप्पा नावाचा म्हातारा होता. गोऱ्या साहेबाच्या वेळी पलीकडचा बोगदा त्यानेच खोदला, असं धर्मराजला कळलं. एक दिवस दुपारी, आसारामला आत खोदता ठेवून, तो आप्पाला भेटायला गेला.

आप्पा अंगणात बाजेवर पडलेला. डोळे उघडे, अंग सुकलेलं. उजवा हात तेवढा जिवंत. त्या हाताची मूठ बाजेच्या लाकडावर आपटत होती. लाकडाला तिथे वाटीसारखा खळगा पडून गुळगुळीत झालेला.

"वात हाय त्येला," त्याची सून जानकीबाई दारातून म्हणाली. "मी लगीन करून आले तवापासून असंच बघतीया. रातीला हाताखाली गोधडी ठेवतो आमी. पर ह्या महिन्यात लई जोर धरलाय."

धर्मराज बाजेशेजारी बसला. "आप्पा, मी तलवाड्याचा. गारमाळात खोदतोय. तुमी पलीकडून खोदलं म्हणं?"

म्हाताऱ्याने मान हलवली.

"काम कावून सोडलं?"

"कोणी सोडलं?" आप्पाचा आवाज कोरडा होता. "साहेबानं मला धरून भाईर आणलं. चौघं लागले धरायला."

"आत कोण हाय?"

"कोणी न्हाई. गार हाय नुस्ती." त्याने मान वळवून धर्मराजकडे पाहिलं. "तुजा माणूस दमतो का?"

"न्हाई."

आप्पाने डोळे मिटले. मूठ चालूच होती. धर्मराज उठायला गेला आणि अर्ध्यातच थबकला. दोन घाव जोडून. मग दम. मग तिसरा.

ही ढब आसारामची होती. बापाने शिकवलेली नाही, कोणाची बघून घेतलेली नाही, त्याच्या अंगातली. धर्मराज इतकी वर्षं असंच समजून चालला होता. आता त्याला आठवेना, गारमाळला यायच्या आधी आसाराम असाच हातोडा मारायचा का?

५

दुसऱ्या दिवशी अडतिसावा हात पुरा झाला. धर्मराजने आसारामच्या हातून हातोडा काढून घेतला आणि त्याला भिंतीला टेकून बसवलं.

"आता हात उचलायचा न्हाई. काय बी झालं तरी."

दोघे बसून राहिले. दिव्याची ज्योत स्थिर होती. मग खडकातून दोन घाव आले. आसारामचा हात मांडीवरून उठला, हवेत दोनदा आपटला, थांबला. तिसरा घाव आला. हात पुन्हा उठला. हातोडा नव्हता, तरी बोटं दांडा धरल्यासारखी वळलेली.

"मी करत न्हाई दादा," आसाराम म्हणाला. त्याचा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाचीच धर्मराजला भीती वाटली. "लई दिस झाले, मी हाणत न्हाई. हाणून झाल्यावर मला कळतं."

"सांगितलं कावून न्हाईस?"

"बरं वाटतं. हात दुखत न्हाई."

धर्मराजने त्याला बखोट धरून उन्हात आणलं, सारजाबाईजवळ बसवलं आणि साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "पलीकडलं तोंड उघडा साहेब. आत कोण हाय ते मला डोळ्यानं बघू द्या. न्हाईतर आमी आज तलवाड्याला चाललो."

सोंडेला वळसा घालून जायला अर्धा तास लागायचा. तिकडचं तोंड शाबूत होतं. दगडांच्या सांध्यांतून बाभळीची मुळं गेलेली. तीस वर्षांत तिथला एक दगड हलला नव्हता. धर्मराजने पहारीने माणूस जाईल एवढी वाट केली. तो आणि साहेब कंदील घेऊन आत गेले, गाठींची दोरी सोडत.

वहीत साठ हात लिहिले होते. दोरी साठ हातांना संपायला हवी होती. ती एकाहत्तर हात गेली.

कुदरत अलींनी दोरी पुन्हा मोजली. एकाहत्तर. पहिले साठ हात भिंती काळवंडलेल्या, कोळिष्टकांनी भरलेल्या. पुढचे अकरा हात पांढरेशुभ्र. छिन्नीच्या खुणा अशा ताज्या, की बोट फिरवलं तर गारेची पूड बोटाला लागत होती. आणि खाली एकसुद्धा कपची नव्हती. अकरा हात खडक फोडला, तर त्याच्या शंभरावर पाट्या निघतात. त्या कुठे गेल्या?

साहेबांनी वही काढली, पेन्सिल ओली केली. धर्मराजला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते. साहेबांनी साठ लिहिले.

"साहेब, एकाहत्तर हाय."

"मालूम है," ते हळू म्हणाले. पण आकडा खोडला नाही, वही मिटून खिशात घातली.

तेवढ्यात समोरच्या गारेतून घाव आले. दोन. मग तिसरा. ह्या बोगद्यात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं, आणि ओढ्याकडच्या बोगद्यातून आसारामला तर बाहेर आणलं होतं. आवाज मधल्या खडकातून येत होता.

धर्मराजने मनात हिशेब केला. इकडून एकाहत्तर, तिकडून अडतीस. एकशे दहातून मधे उरला एक हात.

साहेबांनाही तो कळला असावा. ते वळले आणि धावत सुटले. कंदील तिथेच जमिनीवर राहिला.

६

दोघे वळसा घालून पोचले तेव्हा सारजाबाई ओढ्यातून धावत येत होती. तिच्या पदराला कालवण सांडलेलं.

"भावजी, जेवता जेवता उठले! तोंडात घास तसाच! मी पाय धरले तर मला फरपटत नेलं बोगद्याच्या दारापर्यंत!"

धर्मराज दिवा न घेताच आत शिरला. अडतीस हात अंधारात जायचे होते, आणि समोरून आवाज येत होता. तो लोखंडाचा नव्हता. ओला होता, मऊ होता. काही अंतर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की अंधार पुरा नाही. समोर, जिथे आसारामची पाठ दिसायला लागली होती, तिथे गार उजळली होती. आतून. दुधात दिवा ठेवावा तशी.

आपला कंदील, त्याने स्वतःला समजावलं. पलीकडे राहिलेला कंदील आहे तो. मधे हातभरच गार उरली आहे आणि तिच्यातून उजेड झिरपतोय. दुसरं काही नाही.

आसाराम उघड्या मुठीने खडकावर मारत होता. गारेवर त्याचं रक्त ओघळत होतं. आणि त्या उजेडात, गारेच्या पोटात, एक काळी सावली होती. खांदा, आणि वर उचललेला हात. कंदिलाच्या पुढे ती उभी होती की गारेच्या आतच होती, हे धर्मराजला पुढे कधीच सांगता आलं नाही. तो हात खाली आला. मग आसारामचा आला. तो वर गेला. मग आसारामचा गेला.

धर्मराजने भावाला मिठी मारून मागे ओढलं. जमेना. आसाराम त्याच्यासकट पुढे जात होता. पायाला हातोडा लागला. धर्मराजने तो उचलला. दोन घाव झाले होते, दम चालू होता, तिसरा यायचा होता. तो यायच्या आत धर्मराजने सगळी ताकद लावून गारेवर घाव घातला.

सगळं थांबलं.

आसाराम ओल्या पोत्यासारखा खाली कोसळला. गारेतली सावली हात वर धरून उभी होती. ती हलत नव्हती. विहिरीच्या कामात वरच्या माणसाने खालून येणाऱ्या हाकेची वाट पाहावी, तशी ती धर्मराजकडे लक्ष देऊन उभी होती.

मग तिने एक घाव घातला. एकच. ह्या वेळी धर्मराजच्या घावाच्या मागून.

धर्मराजने हातोडा हळूच खाली ठेवला. सावलीचाही हात खाली गेला. त्याने भावाला खांद्यावर घेतलं आणि मागे न बघता, पाय न वाजवता, तो बाहेर आला.

७

संध्याकाळी जानकीबाई वाडीतून सांगायला आली, की दुपारी आप्पाचा हात थांबला. म्हातारा जिवंत होता. पहिल्यांदाच उताणा, दोन्ही हात छातीवर घेऊन झोपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब एकटे पलीकडच्या बोगद्यात कंदील आणायला गेले. रिकाम्या हाताने परत आले. आल्या आल्या सामान बांधायला सांगितलं. निघताना धर्मराजजवळ थांबून त्यांनी सांगितलं, की जहागीरदाराला ते कळवणार आहेत, शीर पुढे बारीक होऊन संपते. खोदण्यात अर्थ नाही.

"साहेब, आत काय दिसलं?"

"कंदील जळत होता," कुदरत अली म्हणाले. "काल दुपारपासून. तेल काल होतं तेवढंच." आणि ते घोड्यावर बसले.

धर्मराजने दोन्ही तोंडं दगडांनी बुजवली आणि भावाला घेऊन तो तलवाड्याला परतला.

८

आसारामच्या उजव्या हाताची बोटं वाकायची थांबली. हातोडा धरणं त्याच्याच्याने पुन्हा झालं नाही. पण तो पूर्वीसारखा दमू लागला, चिडू लागला, पोरांशी खेळू लागला. सारजाबाईने खंडोबाला नारळ वाहिला. धर्मराजने विहिरीचं काम सोडलं आणि कापसाच्या गाड्या हाकू लागला. कोणी विचारलं तर कंबर गेली म्हणायचा. घरात खुंटी ठोकायची असली तरी तो शेजारच्याला बोलवायचा.

असं दहाएक वर्षं चाललं. मग मोठ्या तापाची साथ आली, आणि तिच्या मागोमाग दुष्काळ. तलवाड्यातल्या विहिरी एकामागून एक आटल्या. बायका कोसभरावरून गढूळ पाणी आणू लागल्या. सारजाबाईची सून पोटुशी होती. एकदा भरली घागर घेऊन येताना वाटेतच बसली आणि पोटातलं गेलं. त्या संध्याकाळी सारजाबाई धर्मराजसमोर आली आणि पदर सावरून म्हणाली, "भावजी, जुन्या विहिरीत तुमीच सांगितलं होतं, खाली दोन हातावर पाणी हाय. दुसऱ्या कोणाला ते दगड कळत न्हाईत."

धर्मराजने आसारामकडे पाहिलं. आसाराम जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आल्यावर, त्याला दोराने विहिरीत सोडलं. वर दोर धरायला चौघं होते, त्यात एका हाताने आसाराम. तळ कोरडा होता. काळा पाषाण, त्यात बोटभर रुंदीची पांढरी रेघ. अशी रेघ कुठल्याही विहिरीत असते. धर्मराजने छिन्नी लावली. विहिरीत पडसाद येतोच, त्याने स्वतःला सांगितलं. सगळ्या विहिरींत येतो.

त्याने दोन घाव घातले. मग, नकळत, दम घेतला. मग तिसरा.

पडसाद आले, जसे यावेत तसे, मागून. एक. दोन. तीन.

मग आणखी एक.

धर्मराजने मान वर केली तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत उचललेला होता. तो त्याने उचलला नव्हता. डाव्या हाताने त्याने मनगट पकडलं, हातोडा खाली पडू दिला आणि ओरडला, "वर घ्या! वर घ्या मला!"

लोकांनी त्याला वर ओढलं. कोणी पाणी दिलं, कोणी म्हणालं वय झालं, कोणी म्हणालं खाली वारा कोंडला असेल. आसारामने सगळ्यांना दूर केलं आणि भावासमोर उकिडवा बसला.

"किती आले, दादा?"

"चार."

"अन् तू किती घातले?"

"तीन."

आसारामने आपल्या ताठ बोटांकडे पाहिलं, मग विहिरीकडे.

"मग तुजा एक घाव ऱ्हायलाय," तो म्हणाला.

धर्मराज उजवा हात मांडीखाली दाबून बसून राहिला.